पर्यावरण आणि डिझाइन यांची एकत्रित पदवी : अभ्यासक्रम कसा पारखावा?

नवी_वाट :
नमस्कार. माझे शालेय शिक्षण या वर्षी पूर्ण होत आहे. जीवशास्त्र आणि भूगोल हे माझ्या विशेष आवडीचे विषय आहेत आणि चित्रे काढण्याची सवय लहानपणापासूनची आहे, त्यामुळे पर्यावरण व डिझाइन या दोहोंचा अभ्यास एकाच पदवीत व्हावा अशी इच्छा आहे. परंतु एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन, लँडस्केप आर्किटेक्चर, नगररचना, शाश्वत वास्तुकला अशी अनेक नावे समोर येतात आणि माहितीपत्रके वाचून त्यांतला फरक उमगत नाही. एखाद्या ठिकाणी विज्ञान मनापासून शिकवले जाते की ते केवळ नावापुरते आहे, हे प्रवेशापूर्वी कसे ओळखावे? गणित मला बेताचेच जमते. त्याची अडचण होईल का?

हिरवा_आराखडा :
केवळ नावावरून निर्णय घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५९ मध्ये वास्तुकला, लँडस्केप आर्किटेक्चर (उद्याने, मैदाने अशा मोकळ्या जागांची रचना) आणि नगररचना हे विभाग एकत्र आणून जे महाविद्यालय स्थापन केले, त्याला एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन असे नाव दिले. म्हणजे तेथे ते अनेक शाखांचे छत्र आहे. अन्यत्र हेच नाव एका स्वतंत्र पदवीला असते आणि तिचा भर कधी इमारतींवर, तर कधी मोकळ्या जागांवर असतो.

पहिली चौकशी व्यवसाय-परवान्याविषयी करा. वास्तुविशारद किंवा लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून काम करण्यासाठी अनेक देशांत नोंदणी आवश्यक असते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त पदवी लागते. काही पदव्या पूर्वतयारीच्या स्वरूपाच्या असतात. त्यांच्यानंतर पदव्युत्तर शिक्षण घेतल्याशिवाय नोंदणी मिळत नाही. अशी पदवी कमी प्रतीची असते असे मुळीच नाही, पण एकूण किती वर्षे शिकावे लागेल हे आधीच ठाऊक असलेले बरे. ही माहिती माहितीपत्रकापेक्षा नोंदणी करणाऱ्या संस्थेकडून घ्यावी.

माती_आणि_पाणी :
मी या क्षेत्रात अध्यापन करते, म्हणून विज्ञानाच्या प्रश्नापुरते लिहिते. विषयांच्या यादीत परिसंस्थाशास्त्र किंवा जलविज्ञान दिसले म्हणून समाधान मानू नका. ते विषय स्टुडिओत, म्हणजे प्रत्यक्ष आराखडा करण्याच्या तासांत, उतरतात का, हे पाहा.

उदाहरणार्थ, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. या हिशेबाने १ हेक्टर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५ लाख लिटर पाणी येते. जागा डांबराने झाकलेली असेल, तर त्यातील बहुतेक पाणी वाहून जाते; भुसभुशीत माती आणि दाट झाडोरा असेल, तर बराच भाग मुरतो. ज्या विद्यार्थिनीने हा हिशेब केला आहे, ती पायवाट कोठून न्यावी, खोलगट भाग कोठे राखावा आणि वाहनतळ किती मोठा असावा, हे वेगळ्या रीतीने ठरवते. चांगल्या अभ्यासक्रमात हा हिशेब आराखड्याच्याच कागदावर दिसतो. अन्यथा विज्ञानाची परीक्षा एकीकडे आणि सुंदर चित्रे दुसरीकडे, अशी फारकत होते.

ही फारकत टाळण्याची परंपरा जुनी आहे. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ होते आणि नियोजनाआधी सर्वेक्षण झालेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे लँडस्केप आर्किटेक्ट इयन मॅकहार्ग यांनी माती, उतार, जलप्रवाह, वनस्पती यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून कोठे बांधावे आणि कोठे बांधू नये, हे ठरवण्याची पद्धत रूढ केली. आजच्या जीआयएसमधील (संगणकावरील नकाशा-माहिती प्रणालीतील) थरांची कल्पना त्याच विचाराशी नाते सांगते.

गणिताची धास्ती नको. प्रमाण, क्षेत्रफळ, उतार, थोडी त्रिकोणमिती आणि प्राथमिक सांख्यिकी यांवर पदवीच्या पातळीवरील बरेचसे काम भागते. मात्र इमारतींच्या ऊर्जा-विश्लेषणाकडे किंवा संरचनेकडे वळायचे असेल, तर भौतिकशास्त्राची तयारी अधिक हवी.

तिसरे_वर्ष :
वरील मताशी मी सहमत आहे. विद्यार्थी म्हणून एकच भर घालतो. स्टुडिओ बहुतेक वेळ व्यापतो आणि ज्यूरीसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, स्वतःच्या कामाचे समर्थन करणे अनेकांना गणितापेक्षा अवघड जाते. चित्रकलेचा सराव असाच चालू ठेवा, पण सुबक चित्रांपेक्षा निरीक्षणाची रेखाटने जमवा: एकाच जागेची सकाळची आणि दुपारची सावली, पावसानंतर पाणी साचते ती ठिकाणे, लोक आखलेली वाट सोडून जेथून चालतात तो मार्ग. प्रवेशासाठी पोर्टफोलिओ (स्वतःच्या निवडक कामाचा संग्रह) मागितला, तर अशी पाने उपयोगी पडतील.

नवी_वाट :
सर्वांचे मनापासून आभार. विचाराधीन असलेल्या प्रत्येक विभागाकडे अंतिम वर्षाचे आराखडे पाहण्याची विनंती करणार आहे. त्यांत नेमके काय शोधावे?

माती_आणि_पाणी :
आधी छेदचित्रे, म्हणजे जागा उभी कापल्यासारखी दाखवणारी चित्रे, पाहा. जमिनीखालचा भाग नुसता काळा भरलेला आहे, की तेथे मातीचे थर, मुळांची खोली आणि भूजलपातळी दाखवली आहे, हे तपासा. मग झाडांची नावे लिहिली आहेत का, ते पाहा, आणि तीच झाडे का निवडली, हे तेथील विद्यार्थ्यांना विचारा.