पहाटेच्या छाप्यांच्या कथेत दोषी कोण?

लिहितीहाती : मी दहा-बारा वर्षांच्या वाचकांसाठी दीर्घकथा लिहीत आहे. काळ १९७६ चा, स्थळ न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातील पॉन्सनबी. मुदत उलटूनही राहिलेल्यांना पकडायला तेव्हा पोलीस पहाटे घरांवर छापे घालत. नायिका नऊ वर्षांची असून तिचा जन्म तिथलाच आहे. आईवडील पॅसिफिक महासागरातील पश्चिम सामोआ या बेटांवरून आलेले. वडिलांचा जन्म १९४० चा, नोकरी कारखान्यात आणि देशात राहण्याच्या परवान्याची मुदत उलटून गेलेली. एके पहाटे पोलीस दार ठोठावतात. पहिल्या मसुद्यात मी एक निर्दयी पोलीस उभा करून सारा दोष त्याच्या माथी मारला होता, पण आता तो प्रसंग मलाच खोटा वाटतो. या मुलीला अन्याय नेमका कुठे दिसावा? शिवाय तिलाही देशाबाहेर काढता आले असते का?

दर्यावर्दी : मुलीला काढता आले नसते, कारण त्या काळी न्यूझीलंडमध्ये जन्मलेले मूल तिथले नागरिक ठरे. आईवडिलांना मात्र काढता येई, म्हणजे मुलीने एकतर त्यांच्याबरोबर जायचे किंवा नातेवाइकांकडे मागे राहायचे. खरा पेच इथेच आहे. कारखान्यांना माणसे हवी होती तोवर परवान्याच्या तारखांकडे काणाडोळा झाला; १९७३ नंतर तेल महागले, मंदी आली आणि तेच कामगार डोळ्यांत खुपू लागले. एक दुरुस्ती सुचवतो : सारे खापर १९७६ मधील नॅशनल पक्षाचे पंतप्रधान मल्डून यांच्यावर फोडू नका, छापे १९७४ मध्ये मजूर पक्षाच्या राजवटीतच सुरू झाले होते. ऑक्टोबर १९७६ मध्ये तर पोलिसांनी रस्त्यावरही माणसे अडवून कागदपत्रे मागितली. कुक बेटे आणि निउए येथील लोक न्यूझीलंडचेच नागरिक, तरी तेही अडवले गेले. इतकेच काय, न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी माणसांनाही स्वतःच्याच भूमीत हा प्रश्न ऐकावा लागला.

सरळरेषा : छाप्यांची पद्धत क्रूर होती हे मान्य, परंतु मुदत उलटूनही राहणे हा नियमभंगच नव्हे काय? कायदा राबवला म्हणून त्याला अन्याय म्हणणे मला पटत नाही.

जुनीपाने : कायदा सर्वांना सारखा लागू झाला असता, तर आपला आक्षेप टिकला असता. १९८५-८६ मधील पाहणीत मुदतबाह्य राहिलेल्यांमध्ये पॅसिफिक बेटांवरील लोक सुमारे एक तृतीयांश होते, पण खटले भरलेल्यांत त्यांचे प्रमाण ८६ टक्के होते. अमेरिका आणि ब्रिटनमधून आलेलेही जवळपास एक तृतीयांश असताना त्यांच्यावरील खटले अवघे ५ टक्के होते.

लिहितीहाती, आपण वडिलांचे जन्मवर्ष १९४० ठरवलेत ते सहज की जाणूनबुजून? मुदत उलटल्याचा खटला झालेल्या फालेमाई लेसा या सामोअन महिलेच्या प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे न्यूझीलंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९८२ मध्ये असा निकाल दिला की, १९२४ ते १९४८ या काळात पश्चिम सामोआत जन्मलेले लोक १९४९ पासून न्यूझीलंडचे नागरिकच होते. म्हणजे आपल्या नायिकेचे वडील १९७६ मध्येही कायद्याने परके नव्हते! सरकारने १९८२ मध्येच घाईघाईने नवा कायदा करून बहुतेकांचे हे नागरिकत्व काढून घेतले, ही त्यापुढची कडू गोष्ट.

दर्यावर्दी : शेवट सुखाचा हवा असेल तर जपून. १ ऑगस्ट २०२१ रोजी ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी क्षमायाचनेच्या सामोअन ‘इफोगा’ प्रथेप्रमाणे डोक्यावरून चटई पांघरून घेतली आणि सरकारच्या वतीने क्षमा मागितली, हे खरे. पण तोवर आपली नायिका चोपन्न वर्षांची झालेली असेल.

लिहितीहाती : जन्मवर्ष मी सहज निवडले होते. आता तो प्रसंग बदलते. पोलीस सभ्य आहे, थोडा अवघडलेलाही. अंथरुणे अजून जमिनीवरच पसरलेली आहेत आणि तो टॉर्चच्या उजेडात वडिलांच्या पारपत्रावरील जन्मतारीख मोठ्याने वाचतो. मुलगी तो आकडा ऐकते. खोलीतल्या कोणालाच, अगदी त्या पोलिसालाही, त्याचा अर्थ ठाऊक नाही.