मदत हवी आहे: दुपारी तीन वाजता गरम नाश्ता कुठे मिळेल? (परळ, दादर, माटुंगा)

नाइटवाली

नमस्कार मंडळी. मी परळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. महिन्यातून दोनदा सलग सहा-सहा नाइट लागतात. सकाळी आठला ड्यूटी सुटते, हँडओव्हर देऊन खोलीवर पोचेपर्यंत साडेनऊ. त्या वेळी पोटात काही ढकलून आडवी झाले की पित्त उसळतं, म्हणून कपभर दूध पिऊन झोपते. उठते अडीचला. तीन वाजता कडकडून भूक लागते आणि ती नाश्त्याची असते, जेवणाची नाही. हे घरी कुणाला पटत नाही. आई फोनवर म्हणते, "अगं मग वरणभात खा की." तोंड धुतल्या धुतल्या वरणभात कोण खातं हो?

पीजीत राहते. खोलीत गॅस नाही, इंडक्शन शेगडीला मालकीणबाईंची परवानगी नाही.

हवं ते एवढंच: तव्यावरून थेट बशीत आलेलं काहीतरी. अंडी चालतात, पळतात. सोबत पाव आणि बरा चहा. एकट्या बाईला अर्धा तास निवांत बसता यावं, वेटर फडकं घेऊन डोक्यावर उभा राहू नये. परळहून अर्ध्या-पाऊण तासात पोचता यावं आणि दीडशे-दोनशेत भागावं.

मॉलमधले कॅफे सुचवू नका. परवा एका ठिकाणी दारात "ऑल डे ब्रेकफास्ट" अशी भलीमोठी पाटी होती. ऑम्लेट मागितलं तर म्हणे, "मॅडम, शेफ जेवायला गेलेत, क्रोसाँ गरम करून देऊ?"

माटुंगाकर

प्रश्नच नाही. कॅफे मद्रास, किंग्ज सर्कल. सकाळी सातला पोचा म्हणजे रांग लागायच्या आत जागा मिळेल. रागी डोसा आणि फिल्टर कॉफी घ्या.

नाइटवाली

दादा, सकाळी सातला मी सलाइन बदलत असते.

चहाबाज

ग्रँट रोड स्टेशनसमोर बी. मेरवान. मावा केक खाल्ला नाहीत तर मुंबईत राहून काय केलंत!

धोबीतलाव

चहाबाज, धागा नीट वाचा की. मेरवानचा मावा केक सकाळीच संपतो. ताई तीनला पोचल्या तर रिकामा ट्रे बघून परत येतील. शिवाय त्यांना तव्यावरचं हवंय, केक नाही.

ताई, तुम्ही कयानीला जा. मेट्रो सिनेमासमोर, 1904 सालचं इराण्याचं हॉटेल. समोरचं बस्तानी, तेही इराण्याचंच, बंद पडलं, कयानी अजून उभं आहे. प्रभादेवीहून स्लो लोकल पकडून मरीन लाइन्सला उतरा, तिथून चालत जा. अकुरी मागवा. अकुरी म्हणजे पारश्यांची भुर्जी, पण आपल्या भुर्जीसारखी कोरडी मोकळी करत नाहीत, जरा ओलसर असतानाच उतरवतात. सोबत ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव. ब्रुनचं कवच कडक असतं, चहात बुडवूनच खायचं, नाहीतर टाळू सोलून निघेल. खिमा-पावही चांगला असतो. बाकड्यावर एकटं बसून पेपर वाचणारे इतके असतात की तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही.

नाइटवाली

धन्यवाद, हे कामाचं आहे. सुट्टीच्या दिवशी नक्की जाईन. पण रोज अडीचला उठून मरीन लाइन्स आणि सातला परत ड्यूटी, हे जमायचं नाही. जवळपास काही?

शिवाजीपार्क

सेनाभवनासमोर आस्वाद. थालीपीठ मागवा, लोण्याचा गोळा वर येतो. मिसळही नावाजलेली. मात्र शुद्ध शाकाहारी, अंडं मिळणार नाही, आणि गर्दी असली तर निवांत बसणं वगैरे विसरा. मागे उभे असलेले लोक तुमच्या बशीत किती उरलंय ते मोजत असतात.

गल्ल्यावरचा

सिस्टर, माझ्या वडिलांचं आणि पुढे माझंही आयुष्य उडपी हॉटेलच्या गल्ल्यावर गेलं. तुम्ही निवडलेली तीनची वेळ आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट वेळ. का ते सांगतो, म्हणजे नवीन ठिकाणी शिरतानाही तुम्हाला अंदाज येईल.

नाश्त्याचे पदार्थ दोन जातीचे. पोहे, उपमा, शिरा हे टोपातले. पहाटे मोठा टोप चढतो, दहा-अकरापर्यंत तळ दिसतो. त्यानंतर तीन प्लेटींसाठी नवा टोप कुणी चढवत नाही. अकरानंतर कुणी पोहे दिले तर ते सकाळचे, पाण्याचा हबका मारून गरम केलेले, हे धरून चाला. डोसा, उत्तप्पा, ऑम्लेट हे तव्यावरचे. पीठ आदल्या दिवशी वाटून रात्रभर आंबलेलं असतं, ते रात्रीपर्यंत पुरतं. म्हणजे ऑर्डर दिल्यावरच बनणारं मागायचं.

पण इथे राइस प्लेट आडवी येते. बारा ते तीन सगळी टेबलं जेवणाची. तीनला पोरं स्वतः जेवायला बसतात, आचारी मागे गोणपाटावर पाठ टेकतो, तवा घासून उलटा घातलेला असतो. तेव्हा डोसा मागितलात तर देतील, पण तवा पुरता न तापवता, आणि तो डोसा पांढरा, लोळागोळा येईल. चार वाजले की तवा परत पेटतो. कॅफे मद्रास तर दुपारी चक्क बंद असतं, माटुंगाकरांनी ते सांगितलं नाही. उडपीकडे जायचं तर साडेचारला जा. तीनलाच खायचं तर इराणी. अंडं, पाव, मस्का, तिन्ही हाताशी, चहा कायम उकळत असतो, ऑम्लेट पाच मिनिटांत समोर. शिवाय बऱ्याच बेकऱ्या दुपारी दुसरी भट्टी लावतात, तेव्हा त्या वेळचा पाव सकाळपेक्षा मऊ मिळायचा संभव.

तुमच्यासाठी किंग्ज सर्कलचं कूलर अँड कंपनी. 1932 पासूनचं, संगमरवरी टेबलं, जुन्या लाकडी खुर्च्या. परळहून आंबेडकर रोडने सरळ वर जाणारी बेस्टची बस पकडा आणि माहेश्वरी उद्यानाला उतरा. कुठे वळायचंच नाही.

चहाबाज

कूलरला माझाही पाठिंबा. त्यांच्या मेनूत "रेसलर ऑम्लेट" आहे, पैलवानाचं. नाइट करून आलेल्या माणसाला शोभेल.

वाटेत हिंदू कॉलनीत कॅफे कॉलनीही आहे. बन मस्का-चहावर भागणार असेल तर तिथेच उतरा. आणि मघाशी धागा न वाचता लिहिलं त्याबद्दल माफी.

शिवाजीपार्क

गल्ल्यावरचे, तो हबका मारलेल्या पोह्यांचा प्रकार वाचून दोन ठिकाणं माझ्या यादीतून कायमची गेली.

नाइटवाली

सगळ्यांचे आभार. काल गेले कूलरला. बस आंबेडकर रोडवर रखडली, पोचायला सव्वातीन झाले. पैलवानाच्या वाटेला गेले नाही, डबल ऑम्लेट-पाव सांगितलं. कडा कुरकुरीत, मधे मऊ, हिरवी मिरची चरचरीत. ऑम्लेट पावात भरायचं की पाव तोडून खायचं यावर मी दोन मिनिटं विचार केला, कारण घाई नव्हती! मग बन मस्का, दुसरा चहा. पलीकडच्या टेबलावर एक आजोबा शब्दकोडं सोडवत होते, आम्ही दोघेच दुपारचे गिऱ्हाईक. फडकंवाला कुणी आला नाही. आईला फोटो पाठवला, तिचं उत्तर: "आणि जेवलीस कधी?"

गल्ल्यावरचे काका, तुमचं टोप आणि तव्याचं गणित हॉस्पिटलच्या कॅन्टीनलाही लागू पडतं. तीनच्या उपम्याला मी आता हातही लावणार नाही.

आता एकच. नाइट संपल्या, सोमवारपासून डे ड्यूटी, आठला हजर. त्याआधी गरम काही मिळेल का?

माटुंगाकर

कॅफे मद्रास. सातला उघडतं. मी पहिल्यांदा तेच सांगत होतो.

गल्ल्यावरचा

सोमवारी बंद असतं.