मदत हवी आहे: गुप्तहेर संस्था आणि अमली पदार्थांवर मराठी वाचन

नमस्कार मंडळी. मी दापोलीकडचा. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली. एक मी पुळणीवर पाहिलं, प्लास्टिकात घट्ट गुंडाळलेलं, वाळूने माखलेलं. तेव्हापासून वाचनालयातली पोरं विचारतात, असा धंदा कुणाच्या आशीर्वादाने चालतो?

आपल्या किनाऱ्याबद्दल मी काहीच म्हणत नाही. पण मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाच्या सरकारविरोधी काँट्रा बंडखोरांना सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचं पाठबळ होतं आणि त्यांच्या पुरवठ्याच्या जाळ्यात कोकेनवाले होते, हे अमेरिकी सिनेटच्या केरी समितीने १९८९ साली नोंदवलं. १९९८ मध्ये सीआयएच्याच महानिरीक्षकाने कबूल केलं, की अमली पदार्थांच्या धंद्याचा संशय असलेल्यांशीही संस्थेने संबंध तोडले नव्हते. पोरांना हे पुराव्यासकट सांगायचंय, अफवा नकोत.

यावर मराठीत भरवशाचं काही आहे का? ब्रह्मदेशातल्या कुओमिंतांगच्या (चिनी राष्ट्रवादी पक्षाच्या फौजेच्या) अफूच्या धंद्याबद्दलही चालेल. कृपया सांगा.