नाइटनंतर गाडी सुरूच करावीशी वाटत नाही. मानसतज्ज्ञाकडे जाऊन काय होणार?

रामबागची_सिस्टर, इंदूर

नमस्कार. इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात मी आयसीयूत नर्स आहे, चौदा वर्षं झाली. गेल्या महिन्यात बारा नंबरच्या बेडवरच्या आजींचे यजमान रात्रीतून तीनदा दाराशी आले. एकच विचारायचे, "पानी पिया क्या उसने?" तिसऱ्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी हात जोडले, "गलती हो गई बहनजी" म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. आजी व्हेंटिलेटरवर होत्या. अशा माणसाला तोंडाने पाणी देत नाहीत, हे त्यांना आमच्यापैकी कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आजी गेल्या. मला रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच धास्ती बसली आहे.

तेव्हापासून सकाळी हँडओव्हर देऊन पार्किंगमध्ये येते आणि हेल्मेट घालून ॲक्टिव्हावर तशीच बसून राहते. वीस-वीस मिनिटं. घरी कुकरची शिट्टी झाली की अलार्म बंद करायला हात उचलला जातो. रविवारी मुलगा राजवाड्यावर पोहे खायला चल म्हणतो, मी "तू जा" म्हणते.

आता आमच्याकडे दर मंगळवारी एक मानसतज्ज्ञ बाई बसतात. पण रात्री सहा बेडना आम्ही दोघी, त्यातले तीन-चार व्हेंटिलेटरवर. बोलून बेड कमी होणार आहेत का? आणि बोललेलं मेट्रनच्या टेबलावर गेलं तर? कुणी गेलं असेल तर खरं काय ते सांगा.

दांडियाबाजारकर, वडोदरा

ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, रुग्णालयातच काम करते. तुमचा पहिला प्रश्न अगदी रास्त आहे. बोलून बेड कमी होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, तीही आजार म्हणून नाही. कामाच्या जागचा ताण नीट न हाताळला गेल्यामुळे होणारी अवस्था, असं तिथे म्हटलं आहे. तिच्या तीन खुणा: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. बारा नंबरच्या आजी गेल्यावर तुम्हाला काही वाटलं नाही, ती मला दुसरी खूण वाटते. तुम्ही निष्ठुर झाला आहात असा तिचा अर्थ नाही. निष्ठुर माणूस त्या आजोबांचे शब्द महिनाभर मनात बाळगत नाही.

पहिल्या भेटीत मी काय करते ते सांगते. झोप, भूक, जीव नकोसा होतो का, झोपेसाठी वॉर्डातलं काही घेतलं जातं का, हे सरळ विचारते. हा शेवटचा प्रश्न आपल्या क्षेत्रात टाळून चालत नाही, कारण औषधांचं कपाट हाताशी असतं. सुटीच्या दिवशीही काहीच गोड लागत नसेल तर नैराश्याचा विचार करावा लागतो, म्हणून तुमची पोह्यांची गोष्ट तिथे नक्की सांगा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या.

मग त्या रात्रीकडे वळतो. घाई न करता, तुमच्या गतीने. एखादा मृत्यू झाला की लगेच सगळ्यांना एकत्र बसवून जबरदस्तीने बोलतं करायचं, ही पद्धत उपयोगाची ठरलेली नाही. त्या रात्री माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, एवढं आपण कागदावर मांडतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स असावी, हे अतिदक्षता विभागात सगळे जाणतात. तीन वेळा आलेल्या आजोबांशी पाच मिनिटं बसून बोलायला तिथे माणूसच नव्हता. ओरडल्याची हळहळ तुमची आहे, ती राहू दे. पण माणसं कमी असल्याचं ओझं तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरता आहात, ते उतरवायचं आहे.

दुसरं काम वॉर्डाचं. मायकेल बॅलिंट यांनी 1950 च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. एकजण आपल्या मनात अडकलेला एखादा रुग्ण सांगतो, बाकीचे ऐकतात, सल्ला देत नाहीत. आम्ही नर्सेससोबत तसंच बसतो, ड्यूटीच्या वेळेतच, वरिष्ठांना बाहेर ठेवून. त्यातून निघालेलं कुणाचंही नाव न घेता व्यवस्थापनापुढे मांडायचं: सलग किती नाइट लागतात, जेवायला कोण सुटतं, नातेवाइकांशी कोण बोलतं. मानसतज्ज्ञ एवढं करत नसेल आणि नुसतं दीर्घ श्वास घ्यायला शिकवत असेल, तर ते अर्धंच काम आहे.

लष्करवाली_मावशी, ग्वाल्हेर

बाळ, मी इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. आमच्या वेळी कुणी रडलं की मीच "चल, तोंड धू आणि राउंडला ये" म्हणायचे. त्यातल्या एका मुलीने सहा महिन्यांत नोकरी सोडली. हात फार हलका होता तिचा, लहान मुलांना सलाइन लावताना पोर रडायचंही नाही. तिला कुणापुढे तरी बसवायला हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तू जा.

नाइटवाला_रेसिडेंट, इंदूर

मी गेलो होतो. जाण्याआधी तीन गोष्टी विचारल्या: नोंदी कुठे राहतात, व्यवस्थापनाला काय कळवता आणि आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, त्यामुळे विचारायला संकोचू नका. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र त्यांना इतरांना सांगावं लागतं, तेही त्या आधीच सांगतात. नाइटमध्ये मधूनच फार वाटलं तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, मोफत आणि चोवीस तास. मला पहिला फरक पडला तो झोपेत. सकाळी घरी जाताना काळा चष्मा, खोलीला जाड पडदा, आणि नाइटच्या आधी संध्याकाळी दीड तास झोप.

रामबागची_सिस्टर, इंदूर

ताई, तुमचं उत्तर मी पार्किंगमध्येच वाचलं. आज दुपारी त्या बाईंना फोन करून तिन्ही गोष्टी विचारल्या. नोंदी त्यांच्याकडेच कुलपात राहतात, रुग्णालयाकडे फक्त किती जण आले तो आकडा जातो. मंगळवारी चारची वेळ घेतली आहे. मावशी, काल रात्री नऊ नंबरच्या रुग्णाच्या मुलाला मी बाहेर बोलावून नळी कशाची, पाणी का देत नाही, सगळं समजावलं. चार मिनिटं लागली. तेवढ्यात दुसरीने माझे तीन बेड सांभाळले.