मदत हवी आहे: गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचं मॉडेल बरोबर आहे का, हे आपण कसं तपासावं?

नमस्कार मंडळी. मी मंठा तालुक्यातला, जिल्हा जालना, शेती करतो. मागच्या ग्रामसभेत आमच्या गावाचा पाण्याचा ताळेबंद पडद्यावर दाखवला, कॉम्प्युटरवर मॉडेल चालवून काढलेला, त्यात गाव शिल्लकीत आलंय आणि आता त्याच आकड्यावर नव्या बंधाऱ्याचा प्रस्ताव मागं ठेवायलेत. इकडं फेब्रुवारी लागला की निम्म्या विहिरी तळाला जातात, मग हे शिल्लक पाणी हाय कुठं?

विचारलं तर म्हणले मॉडेल विहिरींच्या पातळीशी जुळवून बघितलंय. पण ज्या वर्षांच्या पातळ्या घेऊन आकडे बसवले त्याच वर्षांशी ते जुळतंय, आणि ते जुळणारच की! माझ्याकडं 2011 पासूनची वही आहे, दर अमावस्येला विहिरीत दोरी सोडून पाणी किती हातावर ते लिहितो, 2012, 2015, 2018 चे दुष्काळ अन् 2021 ची अतिवृष्टी सगळं त्यात आहे. माझ्या मनात असंय की 2018 ची पातळी त्यांना दाखवायचीच नाही, फक्त पाऊस द्यायचा, मॉडेलनं पातळी सांगायची आणि मग वही उघडायची. हे बरोबर आहे का? आणि किती फरक पडला तर चालतो म्हणायचं?

दुसरं, वाहून जाणारं पाणी कर्व्ह नंबरनं काढलंय, म्हणजे जमिनीचा प्रकार अन् वापर बघून पावसातलं किती वाहील हे सांगणारा आकडा, ती पद्धत मूळ अमेरिकेची. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पहिले पाऊस भेगातच जिरतात आणि भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी आत घेत नाही. मी वाचलं की पाणी वाहायच्या आधी जे जिरतं ते, जमीन जास्तीत जास्त जेवढं धरू शकते त्याच्या, मूळ पद्धतीत 0.2 पट आहे आणि इकडच्या काळ्या जमिनीला, ती आधीच ओली असेल तर, 0.1 धरतात. आमच्या रिपोर्टात कोणता धरला तेच लिहिलं नाही. पाऊस पण मंडळाच्या पर्जन्यमापकाचा घेतलाय, आणि आपल्याकडं एका शिवारात धो धो पडतो अन् बांधापलीकडं कोरडं असतं.

मॉडेल नकोच असं माझं म्हणणं नाही, त्याच्याशिवाय एवढ्या गावांचं नियोजन होणार नाही हे कळतं. पण जायकवाडीचंच बघा, 2014 च्या आदेशातला 65 टक्क्यांचा आकडा, म्हणजे ऑक्टोबरात धरणात त्याहून कमी साठा असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, त्याचे 58 करा म्हणून अभ्यासगटानं सुचवलं, त्यावर आपण भांडतो आणि भांडायलाच पाहिजे, पण कोणत्या वर्षांची आवक धरली, वरच्या धरणांचा खरिपाचा वापर किती धरला, हे विचारणारे किती जण? मला वाटतं भांडण तिथूनच सुरू व्हायला पाहिजे.

तर जाणकारांनो, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत नेमकं काय मागू? मातीची खोली थोडी कमी धरली तर शिल्लकीची तूट होते का, हे त्यांच्याकडून पुन्हा चालवून घेता येतं का? आणि माहिती अधिकारात नुसता रिपोर्ट न घेता आत भरलेल्या आकड्यांची फाईल मिळते का, कुणी घेतलीय का? वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवलेत, कुणी बघणार असेल तर लगेच टाकतो.