पीएलसीसाठी ४० हजारांचा क्लास कशाला? नेटवर फुकट आहे ते आधी संपवा

चाकणचा_मेंटेनन्सवाला
मंडळी, मागच्या महिन्यात आमच्याकडे डिप्लोमाची दोन पोरं ट्रेनी म्हणून लागली. दोघांनीही ४०-४० हजार भरून पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरचा, क्लास केलेला, एकाच्या वडलांनी तर त्यासाठी पतपेढीतून कर्ज काढलं. आणि मशीनपुढे उभं केल्यावर ड्राइव्हवर (मोटरचा वेग सांभाळणारा डबा) आलेला फॉल्ट कोड कुठल्या मॅन्युअलमध्ये बघायचा हेच दोघांना ठाऊक नाही. पोरांचा राग नाही आला, त्या पैशांचं वाईट वाटलं, म्हणून हा धागा काढतोय. माझं स्पष्ट मत आहे की ऑटोमेशन शिकायला लागतं ते जवळपास सगळं नेटवर फुकट पडलंय, आधी ते संपवा, मग क्लासचं बघा.

लॅडरचा, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत पीएलसीचा प्रोग्राम लिहिण्याचा, हात बसवायचा तर कोडेसिस हे सॉफ्टवेअर घ्या, डाउनलोड फुकट, सिम्युलेशन त्यातच, पीएलसी नसला तरी लॅपटॉपवर प्रोग्राम चालतो. आयईसी ६११३१-३ या पीएलसी प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या भाषा आहेत त्यात, लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, एसएफसी, त्यामुळे एकदा डोक्यात बसलं की दुसऱ्या कंपनीचा पीएलसी समोर आला तरी फार अडत नाही. घरी रास्पबेरी पाय, तो तळहाताएवढा कॉम्प्युटर, असेल तर त्याचाच पीएलसी होतो, लायसन्स नसेल तर दोन तासांनी थांबतो, परत चालू करायचा, शिकायला तेवढं बास झालं. सीमेन्सवर काम करायचं असेल तर त्यांच्या टीआयए पोर्टल सॉफ्टवेअरचं २१ दिवसांचं ट्रायल मिळतं. थिअरीला एनपीटेल आहे, आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चरं, बघायला एक रुपया लागत नाही, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी. आणि मॅन्युअलं! ड्राइव्ह, पीएलसी, सेन्सर, बहुतेक मोठ्या कंपन्या पीडीएफ उघड्यावर ठेवतात आणि आपली पोरं ती सोडून दहा मिनिटांचा व्हिडिओ शोधत बसतात.

पॅनलवाली_भोसरी
दादा, अजिबात पटलं नाही. मी ११ वर्षं मशीनचे कंट्रोल पॅनल बनवतेय, सिम्युलेटरवर शिकून आलेल्या मुलांचं काय होतं ते रोज बघते.

परवाचीच गोष्ट सांगते. एका मुलाने साधं स्टार्ट-स्टॉप लिहिलं, लॅपटॉपवर मस्त चाललं, पॅनलवर टाकलं तर मोटर काही सुरूच होईना. दोन तास प्रोग्राम चाळत बसला. कारण काय, तर व्हिडिओत बघून त्याने स्टॉपला एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) कॉन्टॅक्ट टाकलेला. पण खऱ्या पॅनलवर स्टॉपचं बटणच एनसी असतं, वायर तुटली किंवा टर्मिनलमधून निघाली तर मशीन थांबलं पाहिजे म्हणून. म्हणजे बटण न दाबता इनपुट कायम ऑन, आणि प्रोग्राममध्ये तो एनओ (एनसीच्या उलट, इनपुट ऑन असला की जोडणारा) घ्यावा लागतो. त्याला इनपुट कार्डावरचा तो हिरवा एलईडी बोटाने दाखवला, म्हटलं बघ, बटणाला कुणी हात लावलेला नाही आणि हा पेटलाय. तेव्हा त्याचा चेहरा उजळला. हे लॅपटॉपवर कुठून दिसणार?

वायरच्या टोकाला फेरूलची टोपी क्रिंप करणं, एसएमपीएसचे (पॉवर सप्लायचे) २४ व्होल्ट मीटरने बघणं, प्रॉक्सी सेन्सरसमोर लोखंड धरून तो पेटतोय का पाहणं, याला हातच लागतो. चांगला क्लास तो हात देतो. फुकट फुकट म्हणून पोरांची दिशाभूल करू नका हो.

चाकणचा_मेंटेनन्सवाला
ताई, उदाहरण शंभर टक्के बरोबर, पण ही गोष्ट मॅन्युअलमध्ये असतेच, वायरिंग डायग्राममध्ये स्टॉप एनसीच काढलेला असतो. आमच्या त्या दोन पोरांच्या क्लासमध्ये वीस मुलांत एक ट्रेनर किट होता, हात लावायला आठवड्यातून अर्धा तास. तेवढ्या पैशात एक जुना छोटा पीएलसी, एक एसएमपीएस, चार बटणं, दोन रिले येतात आणि ते कायमचं घरात राहतं.

रोह्याचा_इन्स्ट्रुमेंटवाला
तुम्ही दोघं पीएलसीवरच अडकलात, प्रोसेस प्लँटमध्ये खरा घोळ पीआयडीचा, म्हणजे फ्लो, तापमान ठरल्या आकड्यावर धरून ठेवणाऱ्या कंट्रोलचा, असतो. आणि तिथे मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, पण व्हिडिओच्या नाही, वाचण्याच्या.

आमच्याकडे एक फ्लो लूप, म्हणजे प्रवाह मोजून व्हॉल्व्ह हलवणारं कंट्रोल, सारखा हेलकावे खायचा. नवीन इंजिनिअरने झीग्लर-निकोल्स लावलं, म्हणजे पीआयडीचे आकडे बसवायची (ट्यूनिंगची) १९४२ सालची ती रीत, लूप कडेला नेऊन सारखं हेलकावू द्यायचं, तो गेन (कंट्रोलचा जोर) आणि पिरियड (एका हेलकाव्याचा वेळ) घ्यायचा, मग गेनच्या ०.६ पट, इंटिग्रल टाइम पिरियडच्या निम्मा, डेरिव्हेटिव्ह आठवा हिस्सा. दोन दिवस घालवले, हेलकावे तसेच. मी कंट्रोल गुरू या साइटवर आणि काही जुन्या कंट्रोल इंजिनिअरांच्या लेखांत व्हॉल्व्ह चिकटण्याबद्दल वाचलेलं होतं. लूप मॅन्युअल मोडला (हाताने चालवायला) टाकला, हेलकावे थांबले. मग व्हॉल्व्हला जाणारा आउटपुट एकेक टक्क्याने वाढवला. एक, दोन, तीन, फ्लो जागचा हलेना, चौथ्याला एकदम उडी मारली. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग इतकं आवळलेलं होतं की तो दांडा (स्टेम) धरून बसत होता. ट्यूनिंगचा काही संबंधच नव्हता. हे मला कुठल्याच क्लासने शिकवलेलं नाही, दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या प्लँटवर भोगून लिहून ठेवलं होतं म्हणून समजलं.

शिरोली_क्वालिटी
कंट्रोलच्या गर्दीत मशीन शॉप विसरू नका. अमेरिकेच्या निस्ट या मोजमापांच्या सरकारी संस्थेचं स्टॅटिस्टिक्सचं ई-हँडबुक आहे, पूर्ण फुकट, सहावं प्रकरण प्रोसेस कंट्रोलचं. आमचा २५ मिमी बोअर (भोक), टॉलरन्स ±०.०२, सिग्मा (मापांचा विखुरलेपणा) ०.००४. सीपी (विखुरलेपणा टॉलरन्समध्ये किती आरामात बसतो तो आकडा) आला १.६७, सगळे खूश. पण सरासरी १० मायक्रॉन वर सरकलेली, त्यामुळे सीपीके (सरासरी मधोमध आहे का तेही धरणारा आकडा) फक्त ०.८३, आणि कस्टमरला हवा १.३३. नवीन मशीन घ्यायच्या गोष्टी चाललेल्या, मशीनमधली टूलची जागा (ऑफसेट) दुरुस्त केल्यावर मिटलं.

पॅनलवाली_भोसरी
एक गोष्ट मात्र सगळ्यांनी मनावर घ्या, फुकटच्या नावाखाली क्रॅक सॉफ्टवेअर आणि पीएलसीचा पासवर्ड काढून देणारी टूलं कंपनीच्या लॅपटॉपवर आणू नका. २०२२ मध्ये ड्रॅगोस या औद्योगिक सायबर सुरक्षा कंपनीने असल्याच एका टूलमध्ये सॅलिटी नावाचं मालवेअर सापडल्याचं जाहीर केलं होतं. तोच लॅपटॉप उद्या लाइनला जोडणार तुम्ही.

आयटीआय_निदेशक
सर्वांचं वाचलं. पण एका गोष्टीकडे कुणीच बघितलं नाही. हे सगळं इंग्रजीत आहे. माझी मुलं खेड्यातून एसटीने येतात, दहावी मराठीतून. हुशारीत कमी नाहीत, कॉन्टॅक्टर (मोटरचा विजेचा स्विच) न खोलता कॉइल गेलीय का आर्मेचर अडकलंय हे कानाने ओळखणारी मुलं आहेत. त्यांच्या हातात ३०० पानांचं इंग्रजी मॅन्युअल दिलं की पहिल्या पानावर गप्प होतात. भारत स्किल्स या सरकारी साइटवर आयटीआयच्या ट्रेडचं साहित्य फुकट आहे, ते मी वापरतो, पण ड्राइव्हच्या पॅरामीटरपर्यंत ते कुठे पोचतं? ही मुलं क्लासला पैसे भरतात ते कुणीतरी मराठीत बोलतं म्हणून. त्यांना मूर्ख समजू नका.

चाकणचा_मेंटेनन्सवाला
सर, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, खरंच. मी स्वतः पॉलिटेक्निकला पहिलं वर्ष डिक्शनरी घेऊन काढलंय आणि आज तेच विसरून बोललो. तरी ४० हजारांबद्दलचं मत बदललेलं नाही, तेवढे पैसे घेऊन वीस जणांत एक किट देणं चूकच आहे. पण 'मॅन्युअल वाचा' एवढं म्हणून भागत नाही हे मान्य.

३०० पानांतली पोरांना लागतात ती साधारण वीस. वायरिंग, मोटरच्या नेमप्लेटवरून भरायचे पॅरामीटर, फॉल्टचं टेबल. आमच्या लाइनवरच्या ड्राइव्हची ही वीस पानं मी या रविवारी मराठीत लिहायला घेतो, इथेच टाकतो. ताई, तो स्टॉप बटणाचा किस्सा वायरिंगच्या फोटोसकट तुम्ही लिहा. सर, तुमच्या मुलांना आधी वाचायला द्या आणि कुठे अडतात ते सांगा.

आयटीआय_निदेशक
फॉल्टच्या टेबलापासून सुरू करा. ओव्हरकरंट (करंट मर्यादेबाहेर जाणं) आणि अर्थ फॉल्ट (करंट जमिनीकडे गळणं) यांत मुलं नेहमी गोंधळतात. सोमवारी १४ मुलांची बॅच आहे, प्रिंट काढून देतो.