गावभाग परिवार ग्रुप : मिल्टन, माईंचा घट आणि ओल्ड्समारचं घर

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४, रात्र (भारतातली)

मेघा (ओल्ड्समार): ग्रुपवर लिहायचं नव्हतं, पण घरात बोलून उपयोग होत नाहीये. फ्लोरिडाकडे येणारं मिल्टन चक्रीवादळ आत्ता कॅटेगरी ५, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचं झालं. काल सकाळपर्यंत ते साधं वादळ होतं. परवा रात्री इथे टँपाच्या खाडीवर धडकणार म्हणतायत. आम्ही झोन ए मध्ये, म्हणजे पाण्याचा धोका सगळ्यात जास्त तिथे आहोत हे सगळ्यांना माहीत आहे. काउंटीने ए, बी, सी तिन्ही झोन रिकामे करायला सांगितलेत. सचिन म्हणतो उद्या बघू. माई म्हणतात घट बसलेत, मी हलणार नाही. कोणीतरी या दोघांशी बोला.

पिंट्या: मिल्टन म्हणजे आपल्या शाळेच्या बाटलीवर असायचं ते? 😄

ऋचा: पिंट्या, वेळ बघ जरा.

पिंट्या: सॉरी वहिनी.

नंदूकाका: मेघा, घाबरून जाऊ नकोस. मी सकाळपासून विंडी ॲपवर वादळ बघतोय. १९२१ नंतर टँपाच्या खाडीवर एकही मोठं वादळ थेट आलेलं नाही. २०२२ चं इयन टँपावर येणार म्हणाले आणि गेलं कुठे? खाली फोर्ट मायर्सकडे.

शशीमामा (अटलांटा): आत्ता निघा. आय-७५ धरा, सरळ आमच्याकडे या. खोली तयार आहे. ताईला पुढच्या सीटवर बसवा.

ऋचा: बाबा, इयनच्या वेळी फोर्ट मायर्सच्या लोकांनाही वाटत होतं की ते टँपाला चाललंय. म्हणून तिथे कित्येक जण घरात थांबले. फ्लोरिडात दीडशेच्या आसपास माणसं गेली. वादळाने थेट गेलेल्यांत बुडालेलेच जास्त होते.

नंदूकाका: मी राहा म्हणत नाही. घाबरू नका म्हणतोय. दोन्हींत फरक आहे.

सचिन: मेघाने हे इथे का टाकलं कळत नाही, पण आता टाकलंच आहे तर माझं ऐका. एक, दहा दिवसांपूर्वी हेलेन आलं तेव्हा पाणी पुढच्या गल्लीपर्यंत आलं, आपल्या दारात नाही. दोन, आय-७५ वर गाड्या मुंगीच्या चालीने सरकतायत आणि पेट्रोल पंप कोरडे पडतायत. माईंना घेऊन दहाबारा तास रस्त्यात अडकणं हे घरात राहण्यापेक्षा सुरक्षित आहे का? तीन, माईंचं बीपी. मी झोपा काढत नाहीये.

शशीमामा (अटलांटा): टोल माफ केलेत. रस्त्याच्या कडेची पट्टीही खुली केली आहे. आत्ता निघा, आमच्याकडे या.

प्रसाद (न्यू टँपा): सचिन, अटलांटाला जायची गरजच नाही. आमच्याकडे या. आमचं घर कुठल्याच झोनमध्ये नाही, सिमेंट ब्लॉकचं आहे, खिडक्यांना शटर आहेत. खाडीला उत्तरेकडून वळसा घातला की पूलही लागत नाही. इथले आपत्तीवाले हेच सांगतात, शेकडो मैल पळू नका, पाण्यापासून थोडे मैल लांब जा. पाण्यापासून पळायचं, वाऱ्यापासून लपायचं.

(बराच वेळ कोणीच काही लिहीत नाही.)

सुधाआत्या (सांगली): प्रसादने लिहिलंय. सगळ्यांनी वाचलं असेल.

मेघा (ओल्ड्समार): थँक्यू प्रसाद. मनापासून.

बापूकाका: प्रसाद, आग्रह करू नकोस. काही लोकांना आपल्या उंबऱ्यावर यायला जड जातं. दोन वर्षं एका गावात राहून एकदा चहाला आले नाहीत.

सचिन: बापूकाका, वाड्याच्या कागदांचं इथे काढू नका. सही कोणी अडवली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

बापूकाका: मी वाडा हा शब्दसुद्धा काढला नाही. तू काढलास.

नंदूकाका: दोघेही थांबा. मुद्दा वादळाचा आहे. १९२१ नंतर टँपाला थेट एकही नाही, हे लक्षात घ्या.

ऋचा: बाबा, शंभर वर्षांत आलं नाही याचा अर्थ येणार नाही असा नसतो. तिथले जुने लोक म्हणतात टोकोबागा जमातीच्या टेकड्यांनी खाडी राखली आहे. तुम्ही तेच आकड्यात म्हणताय.

मंगळवार, ८ ऑक्टोबर, सकाळ

नंदूकाका: शुभ सकाळ. कॅटेगरी ४ वर आलं. जोर कमी होतोय.

मेघा (ओल्ड्समार): काका, इथे मध्यरात्र उलटली आहे आणि मी जागी आहे. खाडीत १० ते १५ फूट पाणी चढण्याचा अंदाज आहे. टँपाच्या मेयर टीव्हीवर सरळ म्हणाल्या, या झोनमध्ये राहिलात तर मराल. एवढं स्पष्ट बोलताना मी कुठल्या अधिकाऱ्याला ऐकलेलं नाही.

ऋचा: कॅटेगरी फक्त वाऱ्याची असते, पाण्याची नाही. वाऱ्याचा वेग उतरला तरी वादळ पसरतं आणि त्याने समुद्राचं जे पाणी उचललंय ते येतंच. मॅपवरचा तो फुगलेला पट्टाही नीट समजून घ्या. केंद्र कुठून जाईल याचा तो अंदाज आहे. तीनातल्या एका वेळी केंद्र त्या पट्ट्याच्याही बाहेर जातं. पाऊस आणि पाणी तर कितीही लांब पसरतं.

सुधाआत्या (सांगली): आता मी लिहिते. कोणी मध्ये बोलू नका.

सचिन, तू म्हणतोस हेलेनला पाणी पुढच्या गल्लीपर्यंत आलं, आपल्या दारात नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीच्या अख्ख्या गावभागात हेच वाक्य बोलत होतो. २००५ ला पाणी आपल्या पायरीला लागलं होतं, घरात नव्हतं. म्हणजे आताही येणार नाही. तुझे आतोबा आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पातळीचे आकडे दर तासाला रेडिओसारखे वाचून दाखवायचे. ५० झालं, ५२ झालं, आणि दर वेळी म्हणायचे २००५ इतकं होऊ दे मग बघू. ते २००५ ला मागे टाकून ५७ फुटांवर गेलं. तोवर रस्ता राहिला नव्हता. पहिल्या मजल्यावरून आम्हाला होडीत उतरवलं. माझा हात त्या बोटवाल्या मुलाच्या खांद्यावर होता, तो स्वतः थरथरत होता. आणि त्याच आठवड्यात ब्रह्मनाळची बोट उलटली. ती माणसं घरात बुडाली नाहीत रे, उशिरा निघताना बुडाली. हे मी कधी विसरणार नाही.

मागचा पूर म्हणजे मोजपट्टी नव्हे. तुझी काळजी आईच्या बीपीची आहे हे मला दिसतं. पण बीपीची गोळी गाडीत देता येते, छातीभर पाण्यात देता येत नाही.

शशीमामा (अटलांटा): सुधाताई, शंभर टक्के. आत्ता निघा, आमच्याकडे या.

पिंट्या: मामा, तुमचा मेसेज पिन करू का वर?

शशीमामा (अटलांटा): कर.

माई: मी माई बोलते आहे, मेघा लिहिते आहे. सुधा, तुझं पटलं. पण घट बसवलाय. धान उगवून बोटभर झालंय. दसऱ्याच्या आत देवी उठवायची कशी? नंदादीप आजवर विझू दिला नाही मी. तुळजाभवानीला टाकून मी पळू?

नंदूकाका: वहिनी, शास्त्राप्रमाणे घट हलवत नाहीत हे खरं आहे.

सुधाआत्या (सांगली): नंदू, तू यात पडू नकोस. वहिनी, २०१९ ला मी देव टोपलीत घातले, वर पातळ गुंडाळलं आणि होडीत मांडीवर घेऊन बसले. मिरजेला नणंदेच्या पाटावर मांडले. देवी रागावली नाही. आत्ताच गुरुजींना फोन केला. ते म्हणाले संकटात देवीला बरोबर न्यायचं, टाकून जायचं नाही. क्षमा मागा, पत्रावळीसकट घट परातीत ठेवा, दिवा शांत करा, तिथे पोचलात की पुन्हा लावा. माळ चुकवू नका. एवढंच.

माई: गुरुजी असं म्हणाले?

सुधाआत्या (सांगली): हो. शब्दशः.

बापूकाका: माईवहिनी, आमच्या सुनेने देवघराची खोली रिकामी केली आहे असं प्रसाद म्हणतोय. देवीला जागा आहे. बाकीच्यांचं बाकीचे बघतील.

मेघा (ओल्ड्समार): बापूकाका 🙏

मंगळवार, ८ ऑक्टोबर, संध्याकाळ (ओल्ड्समारला सकाळ)

सचिन: निघतोय. प्रसादकडे.

शशीमामा (अटलांटा): आमच्याकडे नाही?

सचिन: मामा, रस्त्याची हालत बघून नाही. राग मानू नका.

शशीमामा (अटलांटा): राग कसला. निघालात हे महत्त्वाचं. पिन काढा तो.

प्रसाद (न्यू टँपा): येताना एवढं आणा. पासपोर्ट सगळ्यांचे, माईकाकूंचा आधी. व्हिसाचे मूळ कागद, घराचा विमा, झिपच्या पिशवीत. गोळ्या महिनाभराच्या. निघण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढ, विम्याला लागतो. मेन स्विच बंद कर. आणि इलेक्ट्रिक गाडी गॅरेजमध्ये ठेवू नकोस. हेलेनमध्ये खारं पाणी शिरलेल्या गाड्यांनी नंतर पेट घेतला होता. ती चालवत आण, दुसरी मेघा आणेल.

सचिन: बाहेर हेलेनचा कचरा अजून तसाच पडलाय. भिजलेल्या गाद्या, फ्रिज, कपाटं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छातीएवढे ढीग. वाऱ्याने हेच उडून येणार. हे बघूनच पाय उचलला, खरं सांगतो.

ऋचा: फ्लड इन्शुरन्स आहे ना दादा?

सचिन: घराचा विमा आहे. त्यात पूर धरत नाहीत, तो वेगळा घ्यावा लागतो. आणि घेतला तरी लागू व्हायला ३० दिवस. आता बोलून काय.

माई: परात माझ्या मांडीवर आहे. सहावी माळ झाली. निघालो.

नंदूकाका: सुखरूप जा. तरी माझं म्हणणं नोंदवून ठेवतो, १९२१ नंतर

सुधाआत्या (सांगली): नोंदवलं.

गुरुवार, १० ऑक्टोबर, सकाळ

ऋचा: सारासोटाजवळ सिएस्टा की इथे जमिनीवर आलं. कॅटेगरी ३. टँपाच्या दक्षिणेला. कोणी जागं आहे का तिकडे?

मेघा (ओल्ड्समार): सगळे आहोत. लाइट गेले. मुलांना आतल्या कपाटाच्या खोलीत गाद्या टाकून बसवलंय. वारा आगगाडीसारखा जातोय घरावरून. मध्येच काहीतरी आपटलं. माई जप करतायत.

प्रसाद (न्यू टँपा): सेंट पीटर्सबर्गच्या स्टेडियमचं छत फाटलं. शटर धरून आहेत. मोबाइलची बॅटरी वाचवतोय, थोडा वेळ मेसेज नाही.

शशीमामा (अटलांटा): जनरेटर असेल तर गॅरेजमध्ये लावू नका. दार उघडं ठेवूनही नाही. धूर दिसत नाही आणि माणूस झोपेत जातो.

(पुढचे पाच तास ग्रुपवर फक्त सुधाआत्यांचे “काय कळलं?” असे मेसेज.)

प्रसाद (न्यू टँपा): सगळे ठीक. वारा उतरला. कुंपण पडलंय, बाकी काही नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

नंदूकाका: आनंद आहे. आता एक विचारू का? ओल्ड्समारला पाणी आलं का?

सचिन: नाही. शेजारी जाऊन आला. दारात सुद्धा नाही. खाडीचं पाणी उलट ओसरून समुद्राकडे गेलं होतं, तळ दिसत होता म्हणतात.

नंदूकाका: म्हणजे घरातच राहिला असतात तरी चाललं असतं.

ऋचा: बाबा, तुम्ही वादळ बघितलंत, वारा कुठून कुठे वाहतो ते बघितलं नाहीत. तिथे वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो. केंद्र टँपाच्या दक्षिणेकडून गेलं, म्हणून खाडीवर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि पाणी बाहेर ओढलं गेलं. २०१७ च्या इर्मालाही असंच झालं होतं. हेच केंद्र थोडं उत्तरेकडून शिरलं असतं तर तोच वारा आखातातलं पाणी खाडीच्या तोंडात ढकलत राहिला असता, आणि खाडीच्या पार वरच्या टोकाला काय आहे? ओल्ड्समार. सारासोटाच्या खालच्या किनाऱ्यावर, व्हेनिसकडे, ते पाणी घरांत शिरलंच आहे. मंगळवारी हा फरक कोणालाच सांगता येत नव्हता. निघायचं मंगळवारीच होतं.

नंदूकाका: ठीक आहे. नकाशा पाठव.

पिंट्या: आणि पूर्व किनाऱ्यावर, सेंट लुसी काउंटीत, चक्रीवात (टोर्नेडो) येऊन माणसं गेली. तिकडे तर वादळ पोचायचं होतं अजून. हे विनोदाचं नाही, म्हणून बाटलीचं परत काढत नाही.

सचिन: प्रसाद आणि मी ओल्ड्समारला जाऊन आलो. मागचं ओकचं झाड शेजाऱ्याच्या शेडवर आहे. छपराचे काही तुकडे गेले. वीज नाही, कधी येईल कोणी सांगत नाही. राज्यात तीस लाखांच्या वर मीटर बंद पडले होते म्हणे. फ्लड इन्शुरन्सचा अर्ज आज भरतोय. वादळांचा सीझन नोव्हेंबरअखेरपर्यंत आहे.

माई: दसरा इथेच करणार. प्रसादच्या बायकोने पुरणाची तयारी केली आहे, गॅसची शेगडी आहे म्हणून. घटाचं धान छान वाढलंय.

शशीमामा (अटलांटा): ताई, दसरा झाला की इकडे ये.

बापूकाका: दिवाळीत सगळे व्हिडिओवर असाल ना? कागदांचं एकदा बसून बोलू. रागाने म्हणत नाही.

सचिन: बापूकाका, आज रात्रीच फोन करतो.

प्रसाद (न्यू टँपा): तुझ्या फोनला रेंज नाही. माझ्यावरून कर.